थकवा म्हणजे चरबी जळणे नव्हे



गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमध्ये 'डाएट' हा शब्द घराघरात शिरला आहे. नायगाव, परळ, लालबाग, गिरगाव, कुठल्याही महिला मंडळाच्या बैठकीला जा, चार-पाच जणी तरी सांगतात, "मॅडम, माझे डाएट चालू आहे." वजन कमी करावेसे वाटण्यात गैर काही नाही. मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी आपल्याही घरात ठाण मांडून बसली आहेत. पोटाचा घेर कमी झाला तर या तिन्हींना आळा बसतो. माझी हरकत डाएटला नाही, त्यापुढच्या वाक्याला आहे. "जरा चक्कर येते, जिना चढताना धाप लागते, पण वजन उतरतेय ना! म्हणजे चरबी जळतेय."

हेच वाक्य शेकचे डबे विकणारे सांगतात, मोबाईलवरचे व्हिडिओ सांगतात आणि आता आपल्या बायका एकमेकींना सांगतात. वॉर्डात परिचारिका म्हणून काम केले आणि नंतर वस्तीत काम करू लागले, त्या सगळ्या अनुभवावरून मी स्पष्ट सांगते की ही समजूत खोटी आणि धोक्याची आहे. थोडी भूक लागणे ठीक आहे. पण रोजचे काम होईनासे झाले, तर ते शरीराने केलेले गाऱ्हाणे आहे. ते ऐकायला हवे.

एका दिवसाचा हिशेब

बैठकीत मी बायकांना आदल्या दिवशीचे खाणे सांगायला लावते. डाएटवाल्या ताईंचे खाणे साधारण असे निघते. सकाळी गरम पाण्यात लिंबू-मध. दुपारी एक चपाती आणि वाटीभर भाजी. चार वाजता चहा, दोन मारी बिस्किटे. रात्री काकडी, नाहीतर मूठभर कुरमुरे. भात बंद, डाळ "पचत नाही" म्हणून बंद, अंडे "गरम पडते" म्हणून बंद. या सगळ्याची बेरीज जेमतेम ४०० ते ५०० कॅलरी होते.

आता तिचे काम बघा. पहाटे पाणी भरणे, घरचा डबा, मग दादरच्या तीन घरची धुणी-भांडी किंवा लोअर परळच्या मॉलमध्ये दिवसभर उभे राहणे, संध्याकाळी बाजार आणि स्वयंपाक. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये जे प्रमाण ठरवले, त्याप्रमाणे ५५ किलो वजनाच्या बाईला बैठे काम असेल तर दिवसाला १६६० आणि मध्यम कष्टाचे काम असेल तर २१३० कॅलरी लागतात. प्रथिने ४५-४६ ग्रॅम लागतात. आपल्या ताईच्या ताटात प्रथिने १५ ग्रॅमही भरत नाहीत.

त्याच संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत वजन कमी करणाऱ्यांसाठी दोन साधे नियम आहेत. आठवड्याला अर्धा किलो वजन उतरणे सुरक्षित. आणि दिवसाचे खाणे १००० कॅलरींच्या खाली जाता कामा नये, त्यातही सगळे पोषण असले पाहिजे. पंधरा दिवसांत सात किलो उतरवून देतो म्हणणाऱ्याला हे नियम वाचून दाखवा.

शरीर काटकसर करते

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ साली, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग झाला. युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा कसे जेवू घालायचे, हे शोधण्यासाठी ३६ निरोगी तरुण स्वतःहून पुढे आले. सहा महिने त्यांना रोज सुमारे १५७० कॅलरी दिल्या. त्यांचे वजन जवळजवळ पाव हिश्शाने घटले. पण नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, जिना चढणे जड झाले, चिडचिड वाढली. डोक्यात दिवसरात्र फक्त जेवणाचे विचार. ती धडधाकट माणसे होती. आपली ताई त्यांच्या एक तृतीयांश खाते आणि वर मुलांचा डबाही करते.

असे का होते? खाणे एकदम तोडले की शरीराला दुष्काळ पडल्यासारखे वाटते आणि ते काटकसर सुरू करते. हातपाय गार पडतात. पहिल्या आठवड्यात काट्यावर जे किलो उतरतात, त्यात बराच भाग पाण्याचा असतो. पुढे चरबीबरोबर स्नायूही झिजतात, कारण प्रथिने मिळत नाहीत. स्नायू झिजले की हंडा उचलत नाही, जिना चढवत नाही. दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात, पाळी पुढे-मागे होते. मग कंटाळून पूर्वीसारखे खाणे सुरू झाले की वजन परत येते. स्नायू मात्र तितक्या लवकर परत येत नाहीत.

वजन जास्त, रक्त कमी

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. अंगाने भरलेली बाई म्हणजे खाऊनपिऊन सुखी, असे आपण धरून चालतो. तसे नसते. चपाती, भात, गोड चहा, खारी, वडापाव यांनी वजन वाढते, पण लोह आणि प्रथिने फारशी मिळत नाहीत. म्हणून ७५ किलो वजन आणि हिमोग्लोबिन ८, अशा बाया मी नेहमी पाहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरपैकी ५४ स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात.

हिमोग्लोबिन शरीरभर प्राणवायू पोचवते. ते कमी असेल तर धाप लागते, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. बर्फ, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात, ही त्याचीच एक खूण. अशा बाईने ताट निम्मे केले की आधीच अपुरे असलेले लोहही निम्मे होते. घरचे म्हणतात, आळशी झाली. ती स्वतः म्हणते, चरबी जळतेय. खरे तर रक्त आटलेले असते.

हे एकट्या बाईच्या चुकीने होत नाही. आपल्या घरातही बाई शेवटी जेवते आणि कालवणातले तुकडे तोपर्यंत संपलेले असतात. समतेच्या गोष्टी करणाऱ्या घरात हे शोभत नाही. बाजाराचीही बाजू आहे. गोहत्येवर राज्यात १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच, मार्च २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. लोह आणि प्रथिने दोन्ही देणारे, आपल्यातल्या अनेक घरांना परवडणारे मांस त्यामुळे ताटातून गेले. मटणाचा भाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्या जागी आपल्या ताटात काय येणार, हा प्रश्न सरकारने विचारला नाही. तो आपणच विचारायला हवा.

'दोन वेळा' आले, 'पोटभर' राहिले

२०१८ च्या सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळा जेवण्याची पद्धत महाराष्ट्रभर गाजली. तिचे श्रेय ते डॉ. श्रीकांत जिचकार यांना देतात. त्याच काळात ऋजुता दिवेकर सांगत होत्या की थोड्या थोड्या वेळाने घरचे पारंपरिक अन्न खा. कोण बरोबर, यावर खूप वाद झाला. त्या वादात मी पडत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. दीक्षितांच्या पद्धतीत दोन वेळा, ५५ मिनिटांच्या आत, पण पोटभर जेवायचे आहे. आपल्या खोलीत 'दोन वेळा' आले आणि 'पोटभर' दाराबाहेर राहिले. ज्या बाईचे दुसरे जेवण रात्री अकराला, पातेल्यात उरेल तेवढेच असते, तिच्यासाठी ती पद्धत नुसता उपास होऊन बसते.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण चुकवू नये. काही गोळ्यांनी उपाशीपोटी साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे अडखळते. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी साखर तपासा, मग जेवायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट रुग्णालय गाठा.

उतरलेल्या वजनाचे पेढे वाटू नका

काही वेळा वजन डाएटमुळे उतरतच नसते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम आणि थकवा असेल तर क्षयरोगाची शंका घ्या. दाटीवाटीच्या आपल्या वस्त्यांमध्ये हा आजार अजून आहे. बाई खुश असते की ड्रेस सैल झाला, आणि आत फुप्फुस पोखरले जात असते. थुंकीची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून महिना १००० रुपये मिळतात. खूप तहान, वारंवार लघवी आणि उतरते वजन ही मधुमेहाची लक्षणे. वजन वाढते, थकवा आणि थंडी वाजते, तर थायरॉईड तपासा. पाळीत अंगावरून खूप जात असेल तर ते "वयाचे" म्हणून सोडू नका.

मग करायचे काय?

पहिले काम, डाएटच्या आधी रक्त तपासा. निदान हिमोग्लोबिन आणि साखर. महापालिकेच्या 'आपला दवाखान्या'त, केईएम किंवा नायरमध्ये जा. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी ते भरून काढा, वजनाचे नंतर बघू. लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा-दुधाबरोबर नको. जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको. गोळ्यांनी शौचाला काळे होते, घाबरू नका. बीटाचा रस लाल असतो म्हणून रक्त वाढत नाही, आणि नुसत्या गूळ-खजुरानेही हिमोग्लोबिन ८ चे १२ होत नाही.

दुसरे, कमी कुठे करायचे ते नीट निवडा. दिवसाला चार कप चहा, कपात दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. एक वडापाव म्हणजे साधारण ३०० कॅलरी. एवढेच सोडले तरी दिवसाच्या साडेचारशे कॅलरी कमी झाल्या आणि ताटाला हातही लागला नाही. त्यानंतर खारी, फरसाण, थंड पेये आणि कढईतले तेल. भाताचा ढीग दोन वाट्यांवरून एक वाटीवर आणा, बंद करू नका.

तिसरे, डाळ, मटकी, हरभरे, अंडे, मासळी यांना कात्री लावू नका. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने असतात. जवळा-सुकट, बोंबील यांत ती भरपूर असतात. रक्तदाब असेल तर सुकी मासळी धुऊन, जरा बेतानेच खा. महिन्यातून दोन-तीनदा कलेजी, गरोदर बाई सोडून. चवळी, माठ, शेवग्याचा पाला वर लिंबू पिळून. आणि बाईने घरच्यांबरोबरच जेवायला बसावे. याला पैसे लागत नाहीत.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, तसेच वाढत्या वयाच्या मुलींनी स्वतःच्या मनाने असले डाएट मुळीच करू नये. मुलीला "जाड झालीस, लग्न कसे होणार" म्हणणाऱ्या नातेवाइकाला तिथल्या तिथे गप्प करा.

संयुत्त निकायात कोसलचा राजा प्रसेनजित याची कथा आहे. मोठे भांडे भरून भात खाऊन तो धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला उपास सांगितला नाही. मात्रा ओळखून जेवायला सांगितले. राजाने जेवताना त्याची आठवण करून द्यायला एक तरुण नेमला, हळूहळू भात कमी केला आणि त्याचे शरीर हलके झाले. उपासाने शरीर झिजवण्याचा मार्ग सिद्धार्थाने स्वतः अनुभवून सोडला होता. वजनाच्या बाबतीतही मध्यम मार्गच खरा.

शेवटी मंडळांना एक विनंती. जयंतीच्या वर्गणीतला एक भाग बाजूला काढा आणि दरवर्षी विहारात हिमोग्लोबिन तपासणी ठेवा. ज्यांचे रक्त कमी निघेल त्यांची यादी घेऊन महापालिकेच्या दवाखान्यात जा. लोहाच्या गोळ्या संपल्या असे उत्तर मिळाले तर लेखी मागा. तीन महिन्यांनी त्याच बायकांची पुन्हा तपासणी करा. डीजेचा आवाज रात्री थांबतो, पण एका बाईचे रक्त ८ वरून १२ वर गेले तर तिचे सगळे घर उभे राहते.

आणि ताई, उद्या जिना चढताना धाप लागली, तर "चरबी जळतेय" म्हणू नकोस. खाली उतर आणि आधी दवाखाना गाठ.