खांद्याचा दाखला

माघातल्या जत्रेत उळवीला चन्नबसवेश्वराचा रथ ओढतात, तेव्हा दोराला हात लावायला गर्दी उसळते. गेल्या खेपेस त्या गर्दीबाहेर आमच्याच एका जुन्या घरातले निवृत्त हवालदार उजवा हात पोटाशी धरून उभे होते. त्यांचा खांदा निखळतो. शर्ट घालतानाही निखळतो, मग रथाचा दोर कुठला ओढणार? सैन्यात असताना अडथळ्यांच्या सरावात ते पडले आणि तिथून हे दुखणे सुरू झाले. निवृत्तीच्या वैद्यकीय मंडळाने अपंगत्व वीस टक्के धरले, पण पुढच्याच रकान्यात लिहिले की हा विकार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेने वाढलेलाही नाही. हवालदारांनी सही केली. नकाराचे इंग्रजी पत्र घरी आले, ते पत्र्याच्या ट्रंकेत गेले आणि सहा वर्षे तिथेच राहिले.

ही एका घराची गोष्ट असती तर आम्ही अग्रलेखाची जागा तिला दिली नसती. जोयडा तालुक्यातल्या, म्हणजे जुन्या सुप्यातल्या, आणि हल्याळ-खानापूरकडच्या मराठी घरांत बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीत कुणी गेले नाही असे घर शोधावे लागेल. भिंतीवर गणवेशातला फोटो असतो, पण ट्रंकेतले कागद कुणी वाचलेले नसतात. म्हणून आज मिरवणुकीची भाषा बाजूला ठेवून कागदाची भाषा बोलू.

सैन्याच्या भाषेत पूर्ण निरोगी जवान म्हणजे 'शेप-वन'. त्यातल्या 'ए' या अक्षरात हातपाय येतात, खांदाही त्यातच. पाठीवरचा बोजा, दोरावरची चढण, बंदुकीचा दणका हे सगळे वीस-बावीस वर्षे खांदाच सोसतो. पण खांद्याचे दुखणे लपून राहते. एक्स-रेमध्ये हाड दिसते, आतला फाटलेला स्नायू दिसत नाही. त्याला एमआरआय लागतो. तो झालेला नसला की मंडळाला 'वयोमानानुसार झीज' असे लिहायला वाव मिळतो. वयाने खांदे झिजतात हे आम्हांला मान्य आहे, शेतात राबणाऱ्यांचेही झिजतात. पण नियमात फक्त 'सेवेमुळे झाले का' एवढेच विचारलेले नाही, 'सेवेने वाढले का' हेही विचारले आहे. हा दुसरा प्रश्न आपले लोक अर्जात मांडतच नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात निकाल दिला. भरतीच्या वेळी ज्या विकाराची नोंद नाही तो नंतर उद्भवला, तर तो सेवेमुळेच झाला असे धरावे. तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार सरकारवर, आणि संशयाचा फायदा जवानाला. धरमवीर सिंग साधे शिपाई होते, हे मुद्दाम सांगतो. पुढे २०१४ च्या डिसेंबरात राम अवतार खटल्यात न्यायालयाने सांगितले की टक्केवारी वर नेऊन पूर्णांकित करण्याचा लाभ पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला पाहिजे. वीसचे पन्नास होतात ते या हिशेबाने. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या तीस टक्के रक्कम मिळते. म्हणजे शेवटचे वेतन चाळीस हजार असेल तर वीस टक्क्यांना २,४०० रुपये आणि पन्नासला ६,०००, शिवाय महागाई भत्ता. उळवीसारख्या गावात महिन्याला सहा हजार म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

मात्र एक गोष्ट कडू असली तरी सांगतो. पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्याचे अपंगत्व वीस टक्क्यांच्या खाली असेल तर हा लाभ नाही. २०१९ मध्ये एस. पी. राठोड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला. त्यामुळे टक्केवारी कमी लावली असेल तर अपिलात तिच्याविरुद्धही बोलले पाहिजे. रजेवर गावी आलेल्या जवानाला मोटारसायकलवरून पडून दुखापत झाली, तर तेवढ्यावर हा हक्क मिळत नाही. २०११ च्या जुझार सिंग खटल्यात न्यायालयाने तसा दावा मान्य केला नाही. 'सगळ्यांना मिळते' असे सांगून पैसे उकळणारे दलाल कमी नाहीत, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

अपिलाची वाट अशी. नकाराचे पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील, तेही फेटाळले तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरे. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण; २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि २००९ पासून सुरू आहे. आपल्यासाठी त्याचे पीठ कोचीत. २०२३ च्या मार्चपासून न्यायाधिकरणाच्या निकालावर उच्च न्यायालयात जाण्याची वाटही पुन्हा मोकळी झाली आहे. मुदत टळली म्हणून सगळे संपले असेही नाही. तरसेम सिंग खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सतत चालू राहणारे नुकसान मानले, पण मागची थकबाकी दाव्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच दिली. म्हणजे आमच्या हवालदारांच्या सहा वर्षांपैकी निम्मी तर ट्रंकेतच बुडाली.

मंडळाने कारण न देता नुसता शेरा मारला असेल तर तो टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या मे महिन्यात पुन्हा बजावले. 'शांत ठाण्यावर नेमणूक होती' एवढ्यावर नकार देता येणार नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयानेही त्याच वर्षी मार्चमध्ये म्हटले. खांद्याच्या प्रकरणात हे फार उपयोगाचे आहे, कारण बोजा घेऊन धावणे शांत ठाण्यावरही चुकत नाही. परंतु २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे हक्क-नियम लागू झाले आहेत. त्यानंतर घरी आलेल्यांनी जुने निकाल आपल्यालाही जसेच्या तसे लागू होतील असे गृहीत धरू नये, आधी वकिलाला विचारावे.

आता सरकारला दोन शब्द. आपल्या शेजारच्या गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी २०१५ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली होती. जवानांविरुद्धची नाहक अपिले सरकारने मागे घ्यावीत, असे तिने सुचवले. त्यानंतरही अपंगत्वाचे दावे वरच्या कोर्टापर्यंत ओढले जातच आहेत. ज्याच्या खांद्याने बोजा वाहिला त्याच्याशी खजिन्याने किती वर्षे भांडायचे?

राज्य सरकारकडे आमचे मागणे छोटे आहे. जुलै २०२५ मध्ये सुरू झालेल्या वीर परिवार सहायता योजनेत सैनिक मंडळांच्या कार्यालयांत कायदेशीर मदत केंद्रे धरलेली आहेत. त्या केंद्राचा माणूस महिन्यातून एक दिवस जोयड्याला बसवावा, आणि त्याला मराठी यावी. कारवारला एका कागदासाठी जायचे तर उळवीच्या माणसाचा दिवस मोडतो, आणि तिथे गेल्यावर कानडी अर्ज व इंग्रजी पत्र यांच्यामध्ये तो मुका होऊन उभा राहतो. निवडणुकीत 'जय जवान'चे फलक घेऊन जी मंडळी दारात येतात, त्यांना हा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

तोवर आपल्या हातचे आपण करू. ज्यांच्या घरी असे पत्र आहे त्यांनी डिस्चार्ज बुक, निवृत्तीच्या वैद्यकीय मंडळाची प्रत, दुखापतीचा अहवाल आणि इस्पितळाची जुनी कागदे एकत्र काढावीत. प्रत नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे माहितीच्या अधिकारात मागावी. बरोबर पडलेल्या किंवा उचलून नेलेल्या सोबत्यांची नावे आठवत असतील तर आजच लिहून ठेवावीत, कारण तेही आता थकले आहेत. हवालदारांची ट्रंक आम्ही उघडली आहे. अपघाताच्या दिवशीच्या इस्पितळाच्या चिठ्ठीवर 'सरावात पडल्याने' असे स्पष्ट लिहिलेले सापडले, आणि अर्ज कोचीला जाण्याच्या तयारीत आहे.