विश्लेषण : अंगकाठी बारीक, साखर ३५०, मधुमेह नेमका कोणत्या प्रकारचा?

समजा, नवीन जालन्यातल्या दवाखान्यात तिशीतला सडपातळ तरुण आला. सारखी तहान, रात्री चार-चारदा लघवीला उठणे, दोन महिन्यांत सहा किलो वजन घटलेले. रक्तातील साखर ३५०. मधुमेह आहे, यात शंका नाही; पण टाइप १ की टाइप २? गोळ्या की इन्सुलिन, हे त्यावरच ठरते.

अंदाज का फसतो?

कमी वय आणि बारीक अंगकाठी म्हणजे टाइप १, पन्नाशी आणि सुटलेले पोट म्हणजे टाइप २, असा ढोबळ हिशेब केला जातो. भारतात तो अनेकदा चुकतो, कारण इथे टाइप २ कमी वयात आणि कमी वजनातही होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले होते. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे वजनकाटा इथे अर्धीच गोष्ट सांगतो.

उलटी चूकही होते. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान थेरेसा मे यांना पन्नाशीनंतर मधुमेह झाला. आधी टाइप २ सांगितला गेला, गोळ्या लागू पडेनात, नंतर तो टाइप १ निघाला. अशा रुग्णाला इन्सुलिन मिळाले नाही, तर रक्तात आम्ल वाढून जीवावर बेतू शकते. ज्याला गरज नाही त्याला मात्र सुया, खर्च आणि साखर एकदम उतरण्याची धास्ती विनाकारण मागे लागते.

कोणत्या तपासण्या?

दोन रक्त तपासण्या उपयोगी पडतात. 'सी-पेप्टाइड'वरून स्वादुपिंड स्वतः किती इन्सुलिन बनवते ते कळते. 'गॅड अँटिबॉडी' सापडल्या, तर शरीर स्वतःच्याच पेशींवर हल्ला करत असल्याचा, म्हणजे टाइप १चा पुरावा मिळतो. अडचण अशी, की साखर खूप वाढलेली असताना सी-पेप्टाइड तात्पुरते कमी येऊ शकते आणि टाइप १च्या काही रुग्णांत अँटिबॉडी सापडतच नाहीत. म्हणून काही महिन्यांनी फेरतपासणी लागू शकते. केईएम, हैदराबादची सीसीएमबी आणि ब्रिटनचे एक्सेटर विद्यापीठ यांनी २०२० मध्ये दाखवले, की जनुकीय गुणांकावरूनही भारतीयांत दोन प्रकार वेगळे ओळखता येतात. पण ती रोजच्या दवाखान्यातली तपासणी नव्हे.

आता 'टाइप ५' कशाला?

कुपोषणाशी जोडलेला मधुमेह जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये यादीत घेतला आणि १९९९ मध्ये वगळला. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली. हे रुग्ण कृश असतात, इन्सुलिन कमी बनते, तरी टाइप १सारखे रक्तात आम्ल सहसा वाढत नाही. त्यांना टाइप १ समजून इन्सुलिनचा मोठा डोस दिला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

जालन्यातल्या त्या तरुणाच्या बाबतीत डॉक्टर आधी लघवीतील किटोन तपासतील. वजन वेगाने घटत असेल, तर प्रकार ठरण्याची वाट न पाहता इन्सुलिन सुरू केले जाते. पुढे सी-पेप्टाइड चांगले आले, तर ते हळूहळू कमी करून गोळ्यांवर येता येते. मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.