एका मताचे वजन

न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोर हा कॅनडाचा अगदी पूर्वेकडचा प्रांत. त्याच्या विधानसभेत ४० सभासद आहेत. त्यांपैकी टॉर्नगॅट माउंटन्स या मतदारसंघाचा सभासद जेमतेम तीन-साडेतीन हजार लोकांच्या वतीने बोलतो. केवळ लोकसंख्येचा हिशेब केला, तर असा मतदारसंघ असूच नये. परंतु २०१५ साली सभासदसंख्या ४८ वरून ४० वर आणताना लॅब्राडोरच्या चारही जागा कायम ठेवण्यात आल्या. हा निर्णय योग्य होता काय, याचे उत्तर लेला एव्हन्स यांच्या कारकिर्दीत शोधता येईल.

नेन, होपडेल, मकोविक, पोस्टव्हिल आणि रिगोलेट ही इन्युइटांची पाच गावे आणि नातुआशिश हे इन्नू लोकांचे एक गाव, एवढाच हा मतदारसंघ. यांपैकी एकाही गावाला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही. उन्हाळ्यात बोट, हिवाळ्यात बर्फावरून धावणारी यांत्रिक घसरगाडी आणि हवामानाची मर्जी असेल तेव्हा छोटे विमान. वीज मिळते ती डिझेलवर. २००५ च्या करारान्वये इन्युइटांना नुनात्सियावुत हे स्वतःचे स्वायत्त शासन लाभले, ही मोठीच गोष्ट होय. तथापि किनाऱ्यावरील बोटवाहतूक प्रांतिक सरकारच्याच हाती राहिली. म्हणूनच प्रांतिक विधानसभेतील या एका जागेचे महत्त्व स्वायत्ततेनंतरही उणावले नाही.

एव्हन्स या मकोविकच्या. २०१९ साली प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातर्फे उभ्या राहून त्यांनी तत्कालीन लिबरल सभासद रँडी एडमंड्स यांचा पराभव केला. त्याच वर्षी न्यूफाउंडलंड बेटावरून थेट येणारी मालवाहू बोट बंद झाली. माल आता प्रथम ट्रकने गूज बे येथे न्यायचा आणि तेथून बोटीने उत्तरेस पाठवायचा, अशी व्यवस्था आली. त्यामुळे अन्नधान्य, इमारती सामान सारेच महागले, ही गावकऱ्यांची तक्रार एव्हन्स यांनी अर्जामागून अर्ज वाचून सभागृहाच्या कानी घातली.

पुढे २०२१ मध्ये त्यांनी पक्ष सोडला, २०२२ मध्ये त्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षात गेल्या आणि २०२४ मध्ये पुन्हा मूळ पक्षात परतल्या. पक्षांतर हा शब्द ऐकताच आपल्या वाचकांच्या भुवया उंचावतील, आणि ते गैरही नाही. पक्षाच्या नावावर मते घेऊन पक्ष बदलणे हा मतदारांशी केलेला कराराचा भंगच होय. मात्र २०२५ च्या निवडणुकीत त्याच मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. जेथे प्रत्येक पक्षाला ३६ जागा दुसरीकडे जिंकायच्या असतात, तेथे उत्तरेच्या सभासदाला पक्षाचा आधार नेहमीच तोकडा पडणार, हे मतदार ओळखून असावेत.

२०२५ साली त्यांचा पक्ष सत्तेवर आला आणि त्यांना मंत्रिपद मिळाले. परंतु मंत्रिपदाने सर्व प्रश्न सुटतात असे मानण्याचे कारण नाही. याच मतदारसंघातून २००७ साली निवडून आलेल्या पॅटी पॉटल यांनाही मंत्रिपद लाभले होते. २०११ साली मतदारांनी त्यांना घरी बसविले.

तीन हजार लोकांसाठी बोट चालविणे परवडत नाही, हा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या नावाने नेहमी केला जातो. त्याला उत्तर याच किनाऱ्यावर आहे. व्हॉइझीज बे येथील खाणीतून २००५ पासून निकेल निघते. ते नेणारे खास बांधणीचे जहाज भर हिवाळ्यातही बर्फ फोडीत जाते आणि खनिज थेट न्यूफाउंडलंडमधील लाँग हार्बरच्या कारखान्यात उतरते. म्हणजे निकेल किनाऱ्यावरून बेटाकडे थेट जाऊ शकते. बटाटा आणि पीठ मात्र बेटावरून किनाऱ्याकडे थेट येऊ शकत नाही! खाणीपासून प्रांताला मिळणाऱ्या उत्पन्नाचा ५ टक्के वाटा करारानुसार इन्युइटांना मिळतो, हे खरे. पण उरलेला ९५ टक्के वाटा ज्यांच्या भूमीतून येतो, त्यांच्या बोटीच्या खर्चाला अनुदान कसे म्हणावे? तो उपकार नव्हे, ते देणे आहे.

बाजार माणसांची संख्या मोजतो. विधानसभेनेही तेवढेच मोजावयाचे ठरविले, तर तिची निराळी गरजच उरत नाही. एव्हन्स यांच्या कारकिर्दीचे मोजमाप त्यांनी किती पक्ष बदलले यावरून न करता, नेनच्या दुकानातील पिठाचा भाव किती उतरला यावरून व्हावे. आजवर त्या मागणी करणाऱ्या बाकावर होत्या. मंत्रिपद मिळाल्यावर तोच हिशेब त्यांच्याकडेही मागितला जाईल, आणि तो मागण्याचा त्या सहा गावांना पुरेपूर अधिकार आहे.