कून आत, फ्लड बाहेर : हे कसले मेरिट?

अमेरिकेतील कूपर्सटाऊनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये कोणाला घ्यावे, यावर तिथे दरवर्षी वाद झडतो. होम रन किती, सरासरी किती, उत्तेजके घेतली होती का! पण कर्ट फ्लड हे नाव निघाले की आकड्यांचे हे पंडित चटकन म्हणतात, "चांगला होता, पण तेवढा मोठा नव्हता."

आधी त्यांच्याच आकड्यांचे बघू. सलग ७ गोल्ड ग्लोव्ह, तीन वेळा ऑल-स्टार, सरासरी .२९३, सेंट लुईस कार्डिनल्सकडून दोन वर्ल्ड सिरीज विजेतेपदे. फटके मात्र १८६१. दोन हजारही नाहीत. मान्य. पण ते का नाहीत?

ऑक्टोबर १९६९ मध्ये, बारा हंगाम खेळल्यावर, क्लबने त्याला न विचारता फिलाडेल्फियाच्या क्लबला देऊन टाकले. तेव्हा 'रिझर्व्ह क्लॉज' होता. करार संपला तरी खेळाडू मालकाचाच. मालक विकेल तिथे जायचे, नाहीतर घरी बसायचे. ३१ वर्षांच्या फ्लडने २४ डिसेंबरला कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहिले : मी खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही. कून यांनी नकार दिला आणि फ्लड कोर्टात गेला. वर्षाला ९० हजार डॉलर घेणारा कसला गुलाम, अशी टिंगल झाली. (साखळी सोन्याची असली की ती दागिना वाटते, बघणाऱ्यांना.)

खटल्यात जॅकी रॉबिन्सन साक्षीला उभा राहिला. त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू आला नाही. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फ्लड ५ विरुद्ध ३ असा हरला. १९७० चा हंगाम तो खेळला नव्हता, १९७१ मध्ये जेमतेम १३ सामने. कारकीर्द संपली. म्हणजे अन्यायाविरुद्ध लढताना जी वर्षे गेली, तीच आता त्याच्या खात्यात कमी म्हणून मोजायची!

१९७५ च्या अखेरीस लवादाने मेसरस्मिथ आणि मॅकनॅली यांच्या बाजूने निर्णय दिला आणि ती बेडी तुटली. आजचे कोट्यवधींचे करार त्यानंतरचे.

आता हॉलच्या आत कोण आहे ते बघा. काळ्या खेळाडूंसोबत मैदानात उतरायला नकार देणारा कॅप अॅन्सन १९३९ पासून आहे. मतदारांच्या नियमात सचोटी आणि चारित्र्य हे शब्द आहेत, तरीही. १९७१ मध्ये निग्रो लीगच्या सॅचेल पेजला घेताना सुरुवातीला वेगळे दालन काढायचे ठरले होते. वेगळा पाणवठाच तो! ओरड झाल्यावर बेत बदलला. आणि फ्लडला नकार देणारे बोवी कून? २००८ मध्ये सन्मानाने आत गेले. त्याच निवडीत खेळाडूंच्या संघटनेचे नेते मार्विन मिलर नाकारले गेले; त्यांची निवड झाली २०१९ मध्ये, मृत्यूनंतर सात वर्षांनी.

"हॉल खेळासाठी आहे, चळवळीसाठी नाही," हा युक्तिवाद कून यांना लागू झाला नाही. त्यांनी तर मोठ्या लीगमध्ये एक चेंडूही टाकला नव्हता.

फ्लड १९९७ मध्ये गेला. जुन्या खेळाडूंचा विचार करणाऱ्या समितीत १६ पैकी १२ मते लागतात. तिच्या पुढच्या यादीत फ्लडचे नाव हवेच. आणि ज्या चौघा-पाचांना विरोध करायचा असेल, त्यांनी तो कून यांच्या फलकाशेजारी उभे राहून, नाव सांगून करावा.