निकाल किती, हे विचारण्याआधी

गावाकडच्या शाळांना मदत करायचा विषय अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळात निघाला की कुणीतरी विचारतंच, "त्या शाळेचा निकाल किती?" देणाऱ्याला हिशेब हवा, हे मान्य. पण निकाल पाहून पैसे द्यायची कल्पना काही नवी नाही. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत होती. 1882 साली हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी सांगून टाकलं, की गोरगरीब, अशिक्षित समाजात शिक्षण पसरवायला ही पद्धत कुचकामी आहे. अशा वस्तीत निकालाच्या भरवशावर शाळा काढणाऱ्या मास्तरचं पोट भरणार नाही.

आता पाचोड घ्या. पैठण तालुक्यातलं, बीडच्या रस्त्यावरचं, मोसंबीच्या बाजाराचं गाव. जिल्हा परिषदेच्या शाळांत एक संकलित चाचणी दिवाळीच्या आगेमागे, दुसरी एप्रिलमध्ये. मधला काळ नेमका ऊसतोडीचा. आईबापांसोबत कारखान्यावर गेलेलं पोर गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येतं आणि त्याच्यापुढे गणिताचा पेपर येतो. त्या पेपरात कमी पडलेले गुण कोणाचे? पोराचे, गुरुजींचे, की आईबापांनी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचे? शिवाय पेपर गुरुजींनीच तपासायचे, गुण त्यांनीच पोर्टलवर भरायचे आणि आकडा घसरला तर जाबही त्यांनीच द्यायचा.

याचं पुढे काय होऊ शकतं, ते आपण इथं अमेरिकेत पाहिलंय. 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यावर 2002 च्या जानेवारीत सही झाली. तिसरी ते आठवी दरवर्षी परीक्षा, आणि 2014 पर्यंत शंभर टक्के मुलं वाचनात-गणितात तयार! सतत मागे पडणाऱ्या शाळांवर कारवाई. अटलांटात शिक्षकांनी मुलांची चुकलेली उत्तरं खोडून बरोबर केली. 2011 च्या चौकशी अहवालात 178 शिक्षक-मुख्याध्यापकांवर ठपका आला. 2015 मध्ये तो कायदा बदलला. वार्षिक परीक्षा मात्र राहिली.

मग परीक्षाच नको का? तसं मी म्हणणार नाही. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणं थांबवलं, तेव्हा पाचवीतल्या कितीतरी पोरांना दुसरीचा धडा वाचता येत नाही, हे 'असर' या घरोघरच्या पाहणीनेच दाखवलं. पण 'असर'चे कार्यकर्ते घरी जाऊन एकेका पोरासमोर बसतात, त्याला मोठ्याने वाचायला लावतात आणि त्या आकड्यावर कुठल्याच गुरुजींची मान अडकलेली नसते. महाराष्ट्राने 2023-24 पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली. तिथं नापासाचा शिक्का बसणार तो पुन्हा बहुधा ऊसतोडीवरून आलेल्याच पोरावर.

मंडळाला विचारायचंच असेल तर हे विचारा: ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पोरांसाठीचं हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू होतं का? शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत? तिसरीत वाचता न येणाऱ्या पोराजवळ रोज अर्धा तास कोण बसतं? तो बसणारा माणूस नेमायला पैसे लागत असतील, तर तिथं द्या.