करुणेलाही शिस्त हवी

तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी या गावी ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे एका खासगी मनोरुग्ण आश्रमाच्या झावळ्यांच्या छपराने पेट घेतला. आतील रुग्ण साखळदंडांनी जखडलेले होते. आग दिसत असूनही त्यांना जागचे हलता आले नाही आणि २८ जणांचा बळी गेला. सर्वोच्च न्यायालयाने या दुर्घटनेची स्वतःहून दखल घेतली. रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास कायद्याने स्पष्ट मनाई मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने केली. दुर्घटना आणि कायदा यांच्यात १६ वर्षे गेली.

साखळदंड डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याचा निषेध सोपा असतो. बाहेरून लावलेली कडी, अडगळीने भरलेला जिना, अंथरुणाला खिळलेल्या वीस वृद्धांमागे रात्रपाळीला असलेला एकच मदतनीस, हेही साखळदंडच आहेत. ते कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत इतकेच. महाराष्ट्रातील वृद्धाश्रम, अनाथालये आणि दिव्यांगांची निवासस्थाने यांच्यासंदर्भात विचार करायचा तो याच न दिसणाऱ्या साखळदंडांचा.

अशा दुर्घटना दारिद्र्यातून किंवा क्रौर्यातूनच घडतात, असा एक सोयीस्कर समज आहे. स्कॉटलंडमधील ग्लासगोजवळच्या रोझपार्क या वृद्धनिवासाने तो खोटा ठरवला. ३१ जानेवारी २००४ च्या पहाटे तेथील एका कपाटातील विजेच्या जोडणीतून आग लागली आणि १४ वृद्ध दगावले. तेथे धोक्याची घंटा होती, ती वाजलीही. परंतु कर्मचाऱ्यांनी आधी आग कोठे आहे याचा शोध घेतला आणि अग्निशमन दलाला दूरध्वनी जाईपर्यंत नऊ मिनिटे उलटली. अनेक खोल्यांची दारे उघडी असल्याने धूर सर्वत्र पसरला. न्यायालयीन चौकशीचा निष्कर्ष २०११ मध्ये आला. अग्निसुरक्षेची योग्य आखणी असती, तर यातील काही किंवा सर्वच मृत्यू टळू शकले असते, असे त्यात नोंदवले गेले. साधने होती, उणीव होती ती सरावाची आणि व्यवस्थेची. भारतातही १ जानेवारी २०२३ च्या पहाटे दिल्लीच्या ग्रेटर कैलास या सुखवस्तू वस्तीतील एका वृद्धनिवासात आग लागून दोन वृद्ध महिला मृत्युमुखी पडल्या. तिन्ही ठिकाणी वेळ पहाटेची आहे, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. संस्थेची खरी परीक्षा पाहुण्यांच्या भेटीच्या वेळी होत नाही. ती रात्री होते.

भारतातील कायद्याची स्थिती विषम आहे. बालगृहांना २०१५ च्या बाल न्याय कायद्याने नोंदणी सक्तीची केली आणि तपासणीची तरतूद केली. तरीही बिहारमधील मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातील अत्याचार २०१८ मध्ये उजेडात आले ते मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पथकाने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणामुळे. शासकीय अनुदानावर चाललेल्या त्या गृहातील मुलींना बाहेरून आलेल्या आणि ऐकून घेण्याची तयारी असलेल्या माणसांपुढेच बोलता आले. वृद्धाश्रमांबाबत तर कायद्याची पकड आणखी सैल आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय करणारे निवास उभारण्याची कल्पना मांडली; पण राज्यांवर त्याची सक्ती केली नाही. वृद्धनिवासांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते संमत होण्यापूर्वीच २०२४ मध्ये त्या लोकसभेची मुदत संपली. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेले दहा कोटींहून अधिक लोक होते. त्यानंतर ही संख्या वाढतच गेली आहे.

अनेक संस्थाचालक धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीकडे बोट दाखवतात. ती नोंदणी विश्वस्तांची व हिशेबाची आहे. सेवेच्या दर्जाची नव्हे. जमाखर्च चोख असलेल्या संस्थेतही एखाद्या वृद्धेला शय्याव्रण होऊ शकतात. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. ते प्रमाणपत्र भिंतीवर टांगले जाते. रात्रीच्या मदतनिसाला मात्र अग्निशामक नळकांडे कसे उघडायचे हे ठाऊक नसते.

'आम्ही निष्कांचन सेवा करतो, आमच्यावर हे निकष कशाला?' असा प्रश्न सेवाभावी संस्थांतून नेहमी येतो. त्यातील व्यथा खरी आहे. भाड्याच्या घरात, देणग्यांवर आणि दोन-चार कार्यकर्त्यांच्या कष्टांवर चालणाऱ्या संस्थेला महानगरातील पंचतारांकित वृद्धनिवासाचे मोजमाप लावणे अन्यायाचे होईल. कागदपत्रांचा जाच वाढला की प्रामाणिक माणसे थकतात आणि बनवेगिरी करणारे तरतात, हाही अनुभव आहे. म्हणून निकष संस्थेच्या आकारानुसार हवेत. परंतु सुरक्षेतील पुष्कळशा गोष्टींना पैसा लागतच नाही. जिना मोकळा ठेवणे, दाराची कडी आतून उघडेल अशी बसवणे, प्रत्येकाची औषधे नाव व वेळ लिहून वेगळी ठेवणे, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस ठरावीक वेळाने बदलून त्याची नोंद करणे, दर तीन महिन्यांनी रात्रीच्या वेळी बाहेर काढण्याचा सराव करणे, या गोष्टींना शिस्त लागते. न्हाणीघरातील आधाराच्या दांड्याला आणि न घसरणाऱ्या फरशीला थोडा खर्च येतो. मोडलेल्या खुब्याच्या हाडावरील शस्त्रक्रियेपुढे तो नगण्य असतो.

याहून अवघड आहे ती पारदर्शकता. तक्रार ऐकणारी व्यक्ती आणि जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्ती एकच असेल, तर आश्रयाला आलेला वृद्ध कधीच तोंड उघडणार नाही. जेथे जेवायचे आणि झोपायचे, तेथल्याच माणसांना कोण दुखावणार? म्हणून संस्थेशी हितसंबंध नसलेला डॉक्टर, वकील वा निवृत्त शिक्षक यांची छोटी समिती हवी. तिने पूर्वसूचना न देता यावे आणि निवासींशी एकांतात बोलावे. अपघात, पडझड, मृत्यू यांची नोंदवही विश्वस्तांनी दर महिन्याला पाहावी. अनामत रक्कम, मृत्युपत्र आणि मालमत्ता यांबाबतचे नियम प्रवेशाच्या वेळीच लेखी द्यावेत. ज्या संस्थेचे काम स्वच्छ आहे, तिला या तपासणीचे भय बाळगण्याचे कारण नाही.

कुटुंबांनीही जबाबदारी झटकू नये. मुलगा अमेरिकेत, मुलगी बंगळुरूत आणि आईवडील पुण्याच्या वा नाशिकच्या वृद्धनिवासात, हे मध्यमवर्गीय घरांतील परिचित चित्र आहे. त्यात अपराध मानण्याचे कारण नाही. परंतु बाग, देऊळ आणि खोलीतील दूरदर्शन संच पाहून निवड करणारी मुले रात्रपाळीला किती माणसे असतात, जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे, हे विचारत नाहीत. दरमहा पैसे पाठवले की कर्तव्य संपत नाही. अवेळी केलेला एखादा दूरध्वनी आणि न सांगता दिलेली एखादी भेटही खूप काही सांगून जाते.

शासनाने वृद्धनिवासांच्या नोंदणीचा व किमान दर्जाचा प्रश्न पुन्हा संसदेपुढे आणला पाहिजे. राज्यानेही त्याची वाट पाहत बसू नये. परंतु सेवाक्षेत्रात आयुष्य घालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी कायद्याच्या आधी पाऊल टाकावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. सेवा हा उपकार नाही, तर कर्तव्य आहे, असे जे मानतात, त्यांनी सेवा घेणाऱ्याचा जाब विचारण्याचा अधिकारही मान्य केला पाहिजे. आश्रयाला आलेला माणूस आपले उरलेले आयुष्य संस्थेच्या हाती सोपवतो. त्याच्या दाराची कडी आतून उघडते की नाही, हे आज रात्रीच पाहून घ्यायला हवे.