सूट कोणाच्या खिशातून?

घरबसल्या मराठी पुस्तकं विकणाऱ्या कोणालाही विचारा, सगळ्यात जास्त धास्ती कशाची? पावसात भिजलेल्या पार्सलची नाही, दारातून परत आलेल्या 'कॅश ऑन डिलिव्हरी'चीही नाही. धास्ती असते ती गिऱ्हाइकाच्या स्क्रीनशॉटची. चारशेच्या पुस्तकाची चौकशी झालेली असते, पत्ता आलेला असतो आणि पैशांऐवजी फोनवर एक चित्र येतं: दुसऱ्या कुठल्या तरी पेजवर तेच पुस्तक दोनशे ऐंशीला, घरपोच. खाली एकच ओळ, 'तुम्ही किती लावाल?'

हे विक्रेते म्हणजे कोणी बडी मंडळी नव्हेत. घरातली एक खोली, दोन लोखंडी रॅक, सेलोटेप आणि व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट, एवढ्यावर दुकान उभं असतं. कोणी नोकरी सांभाळून करतं, कोणी नोकरी गेल्यावर सुरू केलेलं असतं. ज्या तालुक्याच्या गावी पाठ्यपुस्तकं आणि गाइडं सोडून दुसरं पुस्तक मिळत नाही, तिथे आज कथा-कादंबरी पोचते ती बहुधा यांच्यामुळे. अशा पाच-सहा जणांशी माझा नेहमीचा व्यवहार आहे, त्यामुळे त्यांचं रडगाणं मला ऐकावं लागतं आणि हिशेबही कळतो.

तो हिशेब असा. समजा, पुस्तकाची छापील किंमत चारशे. छोट्या विक्रेत्याला प्रकाशकाकडून पस्तीस टक्के कमिशन मिळालं, तर पुस्तक त्याला दोनशे साठला पडतं. कुरिअरचे साठ, खोका आणि टेप मिळून दहा. झाले तीनशे तीस. आता स्क्रीनशॉटमधल्या दोनशे ऐंशीशी बरोबरी करायची, तर प्रत्येक प्रतीमागे पन्नास रुपये पदरचे घालायचे. पण समोरच्याला तो भाव परवडतो कसा? त्यानं दोनशे प्रती रोखीनं उचललेल्या असतात, त्याला पन्नास टक्के मिळालेले असतात. कुरिअरवालाही त्याला कमी दर लावतो. त्याचा सगळा खर्च दोनशे पंचावन्नच्या आसपास, म्हणजे स्वस्त विकूनही पंचवीस सुटले. दोघांत अक्कल किंवा कष्ट कमीजास्त नाहीत. खरेदीचा भाव वेगळा आहे, आणि तो वेगळा आहे हे पहिल्याला स्क्रीनशॉट येईपर्यंत माहीतच नसतं.

टपालाचा आधार होता, तोही मध्यंतरी डळमळला. डिसेंबर २०२४मध्ये टपाल खात्यानं नोंदणीकृत बुकपोस्ट एकाएकी बंद केलं. पुढे १ मे २०२५पासून 'ज्ञानपोस्ट' आलं: तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, वर कर. दर चांगले आहेत. सवलत मात्र शैक्षणिक, सामाजिक-सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांना. आता खुनाची रहस्यकथा यांतल्या कोणत्या खान्यात घालायची, हे ज्याचं त्यानं ठरवावं. शिवाय हे टपाल जमिनीवरून जाणार, आणि गिऱ्हाइकाला पार्सल परवा हवं असतं.

या सगळ्यावर दोन उपाय हिरिरीनं सुचवले जातात. पहिला, एकाच विक्रेत्याशी केलेले करार बंद करा. दुसरा, सूट देण्यावरच बंदी घाला. मला दोन्ही पटत नाहीत.

आधी करारांचं पाहू. 'फक्त आमच्याकडे' ही पाटी आपल्याकडे ऑनलाइन व्यापारात गाजली ती २०१४ साली. मोटोरोलाचा 'मोटो जी' फोन त्या फेब्रुवारीत फक्त फ्लिपकार्टवर आला, आणि त्याच वर्षी चेतन भगत यांच्या 'हाफ गर्लफ्रेंड'ची आगाऊ नोंदणीही तिथेच झाली. मुळात बंगळुरूत २००७ साली पुस्तकं विकण्यापासूनच सुरू झालेली ही कंपनी. तिनं पुस्तकांच्या दुकानदारांनाच रांगेत मागे ढकललं. तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेली. एप्रिल २०१५मध्ये आयोगानं ती निकाली काढली. आयोगाचं म्हणणं साधारण असं, की एकेक वस्तू म्हणजे एकेक स्वतंत्र बाजार मानता येणार नाही. फोन काय, पुस्तकं काय, त्यांना पर्याय भरपूर आहेत, आणि अशा करारानं नव्या विक्रेत्याची वाट अडते असं दिसत नाही.

पण पाच वर्षांनी, जानेवारी २०२०मध्ये, याच आयोगानं दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोघांच्या चौकशीचा आदेश दिला. मुद्दे होते फोनचे एकाच ठिकाणी होणारे लाँच, मर्जीतले विक्रेते आणि बेसुमार सूट. दरम्यान फ्लिपकार्टवर डब्ल्यूएस रिटेल आणि अ‍ॅमेझॉनवर क्लाउडटेल अशी नावं घरोघरी पोचली होती. बाजारपेठ सर्वांना खुली, पण पुढचा गाळा ठरलेल्यांना, असा तो प्रकार. परदेशी भांडवल असलेल्या बाजारपेठांनी कोणाही विक्रेत्यावर 'फक्त आमच्याकडेच विक' अशी सक्ती करू नये, असा नियम १ फेब्रुवारी २०१९पासून आहे. सक्ती करू नये, एवढंच. राजीखुशीनं केलेला करार त्यात अडकत नाही.

आणि अडकूही नये, असं मला वाटतं. २००२च्या स्पर्धा कायद्यातही एकाच वितरकाशी केलेला करार आपोआप बेकायदा ठरत नाही. त्यानं स्पर्धेची हानी होते का, हे पाहावं लागतं. मराठी प्रकाशकाच्या जागी उभं राहून बघा. पाचशे-हजारांची आवृत्ती, कागदवाल्याला आणि छापखान्याला पैसे आधी द्यायचे, दुकानदारांकडची वसुली सहा-सहा महिने रखडलेली. अशा वेळी कोणी येऊन म्हणालं, 'दोनशे प्रती रोखीनं घेतो, पहिला महिना दुसऱ्या कोणाला देऊ नका', तर नाही कोण म्हणेल? पुस्तक छापण्याआधी वाचकाकडूनच पैसे घेण्याची रीतही आपल्याकडे जुनी आहे. प्रकाशनपूर्व सवलतीच्या जाहिराती वाचत आपल्या दोन पिढ्या वाढल्या. छोट्या विक्रेत्यालाही अशा कराराचा फायदाच होतो. लेखकाच्या स्वाक्षरीच्या शंभर प्रती महिनाभर एकट्याकडे असतील, तर तेवढे दिवस त्याला कोणी स्क्रीनशॉट पाठवत नाही. पुस्तक वाचून त्याबद्दल चार ओळी लिहिणं, लेखकाशी गप्पांचा व्हिडिओ करणं, वाचकांना फोन करणं, या मेहनतीचं मोल त्याला त्या महिन्यातच मिळतं. एरवी मेहनत एकाची आणि विक्री सर्वांत स्वस्त असलेल्याची.

सूटबंदीचं उदाहरण म्हणून फ्रान्सचं नाव घेतलं जातं. तिथे संस्कृतिमंत्री जॅक लांग यांच्या नावानं ओळखला जाणारा कायदा १९८१ साली झाला. पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवणार आणि कोणाही विक्रेत्याला पाच टक्क्यांपेक्षा जास्त सूट देता येणार नाही. पुढे ऑनलाइन विक्रेते पाच टक्के सूट देऊन वर पुस्तक फुकट घरपोच करू लागले, म्हणून २०१४मध्ये त्यालाही मनाई झाली. अ‍ॅमेझॉननं काय केलं? पोचवण्याचं शुल्क लावलं एक सेंट! शेवटी पस्तीस युरोंखालच्या पुस्तकखरेदीवर किमान तीन युरो शुल्क घ्यायचा नियम ऑक्टोबर २०२३पासून लागू झाला. चाळीस वर्षं कायद्यानं एक दार लावायचं आणि धंद्यानं शेजारची खिडकी उघडायची, असा खेळ चाललाय. तिथली छोटी दुकानं टिकली याचं श्रेय पुष्कळजण या कायद्याला देतात, ते देऊ द्यावं.

आपल्याकडे ते जमणार नाही. एक तर आपला कायदा उलट्या दिशेला तोंड करून आहे. डीलरांना ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त सूट देऊ न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०२१मध्ये मारुती सुझुकीला दोनशे कोटींचा दंड सुनावला होता. कुठे मारुती आणि कुठे सदाशिव पेठेतला प्रकाशक, हे खरं. पण सूट रोखणं हे इथे पुण्यकर्म मानलं जात नाही. दुसरं म्हणजे सुटीवर आपलं प्रेम जुनं आहे, आणि ते वाईटही नाही. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली मुंबईत स्ट्रँड बुक स्टॉल सुरू केला. छापील किमतीवर वीस टक्के सूट ही त्या दुकानाची ओळख झाली. त्या सुटीमुळे कितीतरी विद्यार्थ्यांच्या आणि कारकुनांच्या घरी पुस्तकं आली. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते दुकान बंद पडलं, तेव्हा हळहळलेल्यांत मीही होतो.

पण ती सूट आपल्या नफ्यातून दिलेली होती. आज मराठीत जी सूट दिसते, तिचा बराच भाग आधी छापील किमतीत चढवलेला असतो. कोणीतरी पन्नास टक्के कमिशन मागणार, मग तीनशेचं पुस्तक चारशेचं करून ठेवायचं. वाचक स्क्रीनशॉट पाठवून एकशेवीस रुपये वाचवल्याच्या आनंदात. त्यातले शंभर त्याचेच होते. आणि जो वाचक सूट न मागता गावातल्या दुकानातून पुस्तक घेतो, तो पूर्ण चारशे मोजतो. सगळ्यात प्रामाणिक गिऱ्हाइकाला सगळ्यात महाग भाव, असा हा बाजार आपण मांडून ठेवलाय.

म्हणून माझा राग करारावर नाही, सुटीवरही नाही. तो आहे कानात सांगितलेल्या कमिशनवर. 'तुम्हाला चाळीस देतो, पण कोणाला बोलू नका' हे वाक्य मराठी पुस्तकव्यवहारात इतक्यांना इतक्यांदा सांगितलं गेलंय, की प्रत्येकाला आपण एकटेच लाडके वाटतो. मग एकाचा लाडका भाव फेसबुकवर झळकतो आणि बाकीचे दहाजण प्रकाशकाला फोन करून भांडतात. त्यातले दोघं रुसून त्या प्रकाशकाची पुस्तकं ठेवणंच सोडतात. नुकसान कोणाचं? जास्त माल उचलणाऱ्याला जास्त कमिशन मिळावं, यात काहीच गैर नाही. फक्त तो दर सगळ्यांना आधी कळू द्या, म्हणजे चार छोटे विक्रेते एकत्र येऊन शंभर प्रती उचलतील आणि तोच दर मिळवतील. आज ते तसं करत नाहीत, कारण शंभर प्रतींचा दर काय, हे विचारायलाही ओळख लागते.

प्रकाशकमित्रहो, दिवाळीच्या तोंडावर तुमच्या नव्या याद्या निघतील. यादीच्या शेवटच्या पानावर विक्रेत्यांचे दर छापा: दहा प्रतींना किती, पन्नासला किती, शंभरला किती, रोखीचं काय आणि उधारीचं काय. एखादं पुस्तक महिनाभर एकाच विक्रेत्याला दिलं असेल, तर त्याचं नाव आणि तारीखही छापा. पाच ओळींत मावेल.